संगीत नाटक टिपून का ठेवू नये?

‘नाटक नाट्यगृहात बसूनच पाहावे, पडद्यावर उतरविलेले नाटक म्हणजे चित्रातले जेवण,’ असा एक सिद्धान्त आमच्या नाट्यरसिक मंडळींत फार दिवसांपासून रूढ आहे. तो ऐकावयास रसाळ आहे, आणि बोलणाऱ्याच्या अभिरुचीविषयी ऐकणाऱ्याचा ग्रह मोठा अनुकूल करून देणारा आहे. त्यामुळे तो खरा आहे की नाही, हे तपासण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे, की गद्य नाटकाच्या बाबतीत हा सिद्धान्त अर्धा खरा असला, तरी संगीत नाटकाच्या बाबतीत तो घातक आहे. जुन्या संगीत नाटकांचे जे चांगले पुनःप्रयोग आज होतात, ते रंगमंचावर, प्रेक्षकांसमोर, नांदीपासून भरतवाक्यापर्यंत जसेच्या तसे चित्रित करावेत, आणि ते चित्रण उपनगरांतील व गावोगावच्या प्रेक्षकांना दाखवावे. त्याच नाटकांवरून काढलेल्या चित्रपटांहून असे चित्रण अधिक मोलाचे मानावे, असेही आमचे म्हणणे आहे.

या सिद्धान्ताच्या पुरस्कर्त्यांचे वर्तन प्रथम पाहू. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ साली आपली नाटके चालू प्रयोगातच चित्रित करून देशोदेशींच्या चित्रपटगृहांत दाखविण्याचा उपक्रम सुरू केला. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एन. सी. पी. ए.मध्ये ही चित्रणे दाखविली गेली आहेत. बोरिवली, अंधेरी, मुलुंड येथून लोकलच्या गर्दीत तास-दीड तास उभे राहून ती पाहावयास जाणारे सुशिक्षित मराठी गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. परत येताना त्यांपैकी कोणीही चित्रातले जेवण जेवून आल्याची तक्रार करीत नाही. उलट आठवडाभर त्या नटांच्या शब्दोच्चारांविषयी बोलत असतो. तोच गृहस्थ ‘सौभद्रा’चे असे चित्रण करावे असे कोणी सुचविताच एकदम शुद्धिवादी होतो, आणि ‘छे, त्यात प्रयोगाचा प्राण कसा येणार?’ असे विचारतो. इंग्रजी नटाचा प्राण यंत्रातून समुद्रापार येतो आणि मराठी नटाचा मात्र गिरगावाहून दहिसरपर्यंतही पोहोचत नाही, हा चमत्कार आम्हांस तरी उमगलेला नाही.

चित्रपट आणि प्रयोगाचे चित्रण या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे पाहावयाचे असल्यास पश्चिमेकडचेच एक उदाहरण पुरे आहे. कोल पोर्टर या संगीतकाराचे ‘एनिथिंग गोज’ हे संगीत नाटक न्यूयॉर्कमध्ये १९३४ साली रंगभूमीवर आले. १९३६ साली व पुन्हा १९५६ साली त्यावर हॉलिवूडने चित्रपट काढले. दोन्ही वेळा पोर्टरची कित्येक गाणी गाळून त्यांच्या जागी इतरांची गाणी घालण्यात आली. ज्या गाण्यांसाठी नाटक गाजले, त्यांचीच अशी वाट लागली. पुढे २०२१ साली लंडनच्या बार्बिकन नाट्यगृहात या नाटकाचा पुनःप्रयोग झाला. तो भरल्या नाट्यगृहात चित्रित करण्यात आला, आणि त्याच वर्षी चित्रपटगृहांतून दाखविण्यात आला. त्यात सटन फॉस्टर ही नटी स्वतः गाते, स्वतः नाचते, आणि गाणे संपताच उसळणारा टाळ्यांचा कल्लोळ त्या चित्रणात तसाच राहिला आहे. मूळ नाटक काय असेल याची कल्पना ज्याला करावयाची आहे, त्याने हे चित्रण अवश्य पाहावे. दोन्ही चित्रपट पाहूनही ती कल्पना येणार नाही.

आता आपल्या घराकडे वळू. संगीत नाटक म्हणजे गाणी घातलेले नाटक, एवढीच व्याख्या पुष्कळांच्या मनात असते. ती अपुरी आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग केला, त्या नाटकातही गाणे होतेच, पण ते मुख्यतः सूत्रधाराच्या तोंडी असे. पात्राने हावभाव करावा आणि गाणे सूत्रधाराने म्हणावे, अशी ती रीत होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांनी केलेली खरी क्रांती ही, की शकुंतलेचे पद शकुंतलाच गाऊ लागली आणि दुष्यंताचे दुष्यंत. त्या नाटकात शंभराहून अधिक पदे होती; पण त्याचे मर्म पदांच्या संख्येत नाही. ज्याला दुःख झाले आहे त्याच्याच कंठातून, त्याच श्वासाने, त्या दुःखाचा सूर उमटला पाहिजे, हा तो शोध होता. ‘सौभद्र’, ‘मानापमान’, ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ ही पुढची सारी इमारत या एका पायावर उभी आहे.

हा पाया ध्यानात ठेवला, म्हणजे चित्रपटाने संगीत नाटकाचे काय केले हे आपोआप कळते. चित्रपटात गाणारा एक असतो आणि ओठ हलविणारा दुसरा. म्हणजे किर्लोस्करांनी ज्या सूत्रधाराला बाजूला सारून पात्राला गाते केले, तोच सूत्रधार पडद्याआड लपून परत आला, आणि पात्र पुन्हा मुके झाले! चित्रपट या कलेस हा दोष म्हणून आम्ही लावीत नाही. तिची रीतच निराळी, आणि त्या रीतीतही सुंदर कृती झाल्या आहेत. पण त्या रीतीने तयार झालेल्या वस्तूस संगीत नाटकाचे जतन म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

या विधानास ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाच्या इतिहासाइतका बोलका पुरावा दुसरा नाही. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे होते, आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतराव देशपांडे यांनी केली. गायकाचा अहंकार हाच ज्या नाटकाचा विषय, त्यात गायकाची भूमिका खऱ्या गवयाने करावी, यात त्या प्रयोगाचे सारे बळ होते. २०१० साली या नाटकाचे पुनरुज्जीवन झाले. वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे हे खाँसाहेब झाले आणि महेश काळे हे सदाशिव. दोघेही गायक, दोघेही रंगमंचावर उभे राहून प्रेक्षकांच्या देखत गात होते. तान अडखळली तर तीही दिसणार, साधली तर तीही. खाँसाहेबांच्या कपाळावरचा घाम खरा.

पुढे नोव्हेंबर २०१५ मध्ये याच नाटकावरचा चित्रपट सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली प्रसिद्ध झाला. तो लोकांना मनापासून आवडला, आणि शास्त्रीय संगीताकडे कधी न फिरकलेली मुले त्यामुळे त्या वाटेस लागली. हे श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो. शंकर-एहसान-लॉय या त्रयीने अभिषेकींच्या रचनांसोबत नवी गाणी रचली, तीही गाजली. परंतु पडद्यावर काय झाले ते पाहा. खाँसाहेब झाले सचिन पिळगावकर, आणि त्यांचा कंठ राहुल देशपांडे यांचा. सदाशिव झाले सुबोध भावे, आणि त्यांचा कंठ महेश काळे यांचा. जे दोघे रंगमंचावर देहासह उभे होते, त्यांचे देह तेवढे पडद्यावरून नाहीसे झाले आणि आवाज शिल्लक राहिले! महेश काळे यांना या चित्रपटासाठी उत्कृष्ट पार्श्वगायकाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, ते यथार्थच आहे. पण रंगमंचावरचा सदाशिव ‘पार्श्वगायक’ या पदवीस पोहोचला, या एका शब्दात आमच्या संगीत नाटकाची शोकांतिका सामावलेली आहे. पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन हे स्वतःच्याच आवाजात गायले, हा अपवाद आम्ही नोंदवितो. तथापि तेथेही चित्रपटाच्या रीतीप्रमाणे गाणे आधी आणि अभिनय मागाहून. ज्या क्षणी सूर लागतो त्याच क्षणी चेहरा बदलतो, हा संगीत नाटकातला अनुभव तेथे संभवतच नाही.

जानेवारी २०२५ मध्ये ‘संगीत मानापमान’ या नावाचा चित्रपटही येऊन गेला. खाडिलकरांच्या नाटकावरून घेतलेल्या त्या कथेचे गुणदोष हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे : मूळ ‘मानापमान’ १९११ साली गोविंदराव टेंबे यांच्या चालींसह रंगभूमीवर आले, आणि त्याने महाराष्ट्राच्या कानास नवे वळण लावले. ते ज्या विशीतल्या मुलाला जाणून घ्यावयाचे आहे, त्याला आपण काय दाखविणार? चित्रपटाखेरीज त्याच्या हाती दुसरे काही ठेवले नाही, तर चित्रपट हेच मूळ, असा त्याचा समज झाल्यास दोष त्याचा नाही, आपला आहे.

आता प्रतिपक्षाचे आक्षेप एकेक घेऊ.

पहिला आक्षेप असा, की प्रयोगाचा प्राण प्रेक्षक आणि नट यांच्या समक्षतेत असतो, आणि तो यंत्रात सापडत नाही. हे आम्ही मान्य करतो. पण यातून निष्पन्न काय होते? प्राण पूर्णपणे सापडत नाही, म्हणून देहही जाळून टाकावा, असे का? ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव वारले. त्या रात्रीच्या कथा आमच्या आजोबांच्या पिढीने आम्हांस सांगितल्या, आम्ही मुलांस सांगितल्या. कोणी म्हणतो केशवरावांनी बाजी मारली, कोणी म्हणतो बालगंधर्वांनी. आणि दोन्ही पक्षांचा पुरावा म्हणजे ऐकीव गोष्ट! बालगंधर्वांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू यांपैकी आपल्यापाशी उरले काय? काही छायाचित्रे, आणि तबकडीच्या एका बाजूवर मावेल एवढे तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. रंगमंचावर तेच पद ‘वन्स मोअर’ घेत घेत किती फुलत असे, ते पाहणारे आता कोणी राहिले नाही. त्या तबकड्यांना ‘हा खरा बालगंधर्व नव्हे’ म्हणून कोणी फोडून टाकले असते, तर आज आपण त्याला रसिक म्हटले असते, की आणखी काही? त्या काळी चित्रणाची साधने दुर्मीळ होती; त्या पिढीस क्षमा आहे. आज ती साधने लग्नकार्यातही मुबलक दिसतात. आपल्याला क्षमा मागण्यास तोंड कोठे आहे?

दुसरा आक्षेप बालगंधर्वांच्याच उदाहरणाने घेतला जातो. ते १९३५ साली प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात एकनाथ झाले, पण पडद्यावर त्यांचा जीव रमला नाही. तेव्हा रंगभूमीच्या गायकाने यंत्रापुढे जाऊच नये, असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः हे उदाहरण आमच्या बाजूचे आहे. ‘धर्मात्मा’ हा रीतसर चित्रपट होता. त्याने बालगंधर्वांचा प्रेक्षक काढून घेतला, ऑर्गन आणि सारंगी यांच्या साथीने पद वाटेल तेवढे वाढविण्याची मुभा काढून घेतली, स्त्रीभूमिका काढून घेतली. आणि मग बालगंधर्व कोठे आहेत, असे लोक विचारू लागले. नटाला यंत्राकडे नेले तर असे होते. आमचे म्हणणे यंत्राने नटाकडे जावे, असे आहे. नटाने कॅमेऱ्याकडे ढुंकूनही पाहू नये. कॅमेऱ्याने मात्र पिटातल्या चांगल्या प्रेक्षकासारखे शांत बसून पाहावे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा : चित्रण घरबसल्या मिळाल्यावर तिकीट काढून नाट्यगृहात कोण येईल? नाटक मंडळींच्या पोटाशी या आक्षेपाचा संबंध असल्यामुळे त्याचा विचार आदराने केला पाहिजे. परंतु इतिहास काय सांगतो? तबकड्यांनी नाट्यपदे घराघरात नेली, आणि ती ऐकून लोक नाटकाकडे ओढले गेले. नाटक मंडळ्यांवर संकट आले ते १९३१-३२ नंतर बोलपटाची स्पर्धा, डोईजड खर्च आणि कर्ज यांमुळे. गाणे टिपून ठेवल्यामुळे नव्हे. शिवाय ज्या नाटकाचे प्रयोग वर्षातून बोटांवर मोजण्याइतके लागतात, त्याच्या कोणत्या गल्ल्याचे रक्षण आपण करीत आहोत? न लागणाऱ्या प्रयोगाचे तिकीट कोणीच काढीत नाही.

येथे उपनगरांची गोष्ट सांगणे भाग आहे. मराठी संगीत रंगभूमीचे मुंबईतले वैभव ग्रँट रोड आणि गिरगाव या टापूतले. ज्या कुटुंबांनी ते पोसले, त्यांची मुले-नातवंडे प्रथम दादर-पार्ल्यास, मग बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथे आणि पुढे त्याही पलीकडे गेली. त्यांच्या मागोमाग नाट्यगृहे आली. पार्ल्यास दीनानाथ, बोरिवलीस प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडास कालिदास. पण संगीत नाटक मागेच राहिले. ज्या मास्टर दीनानाथ मंगेशकरांनी तेजस्वी गायनाने रंगभूमी गाजविली, त्यांच्या नावाच्या नाट्यगृहाच्या फलकावर संगीत नाटकाचे नाव क्वचितच दिसते. याची कारणे उघड आहेत. गाणारे नट थोडे, तालमी दीर्घ, साथीदारांचा खर्च वेगळा, आणि तारीख मिळाली तरी ती आडवारची. पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या या दोन पट्ट्यांत वाढलेली मराठी मुले पदवीपर्यंत येतात. त्यांना शेक्सपिअरचा एखादा अंक पाठ्यपुस्तकात नेमलेला असतो, आणि त्याच्या दहा प्रयोगांची चित्रणे त्यांना दाखविता येतात. प्रस्तुत लेखकाने वर्गात ती दाखविली आहेत, आणि त्यांचा परिणाम पाहिला आहे. पण मोलिएरची एक प्रहसनात्मक कथा आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून गोविंद बल्लाळ देवलांच्या हाती आली, आणि तिचे ‘संशयकल्लोळ’ होऊन फाल्गुनराव पुणेरी पेहरावात संशय घेत हिंडू लागला, ही मौज दाखवावयाची म्हटली, तर शिक्षकाच्या हाती पुस्तकाखेरीज काही नसते. वाचलेले संगीत नाटक हे खरोखरच चित्रातले जेवण होय!

चित्रण कसे असावे, याविषयी दोन शब्द. मागच्या भिंतीशी एक यंत्र उभे करून दुरून दिसणाऱ्या बाहुल्या टिपणे, हे चित्रण नव्हे. त्याची निंदा जे करतात त्यांच्याशी आम्ही सहमत आहो. उलट दर दोन क्षणांना दृश्य बदलणारी चंचलताही नको. पद सुरू झाले की गाणाऱ्याचा चेहरा पदाच्या अखेरीपर्यंत सोडू नये. समोरच्या पात्राची दाद मधून टिपावी, पण आलापाच्या मध्येच नव्हे. ऑर्गन आणि तबला यांचा आवाज गाण्याखाली दडपू नये. ‘वन्स मोअर’ मिळाला, तर पुन्हा म्हटलेले पद कापू नये, कारण दुसऱ्या वेळी गायक जे वेगळे करतो तेच या कलेचे मर्म आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे : मागाहून सूर ‘सुधारून’ घेऊ नयेत. निसटलेला सूर हा साधलेल्या सुराच्या सच्चेपणाचा दाखला असतो.

कायद्याची सबबही येथे चालण्यासारखी नाही. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याची कृती सर्वांस मोकळी होते. किर्लोस्कर १८८५ साली, देवल १९१६ साली, गडकरी १९१९ साली आणि खाडिलकर १९४८ साली निवर्तले. ‘स्वयंवरा’चे संगीत देणारे भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, आणि टेंबे १९५५ साली. म्हणजे ‘सौभद्र’, ‘मानापमान’, ‘स्वयंवर’, ‘संशयकल्लोळ’, ‘एकच प्याला’ या साऱ्यांच्या संहिता आज महाराष्ट्राच्या सार्वजनिक मालकीच्या आहेत. ‘कट्यारी’सारख्या अलीकडच्या नाटकांसाठी हक्कदारांची संमती घ्यावी लागेल, ती घ्यावी. जे नट, गायक आणि साथीदार प्रयोग करतील, त्यांचा त्या चित्रणावर कायद्याने हक्क आहे. त्यांना पहिल्या दिवसाच्या बिदागीवर वाटेस न लावता दर खेळामागे वाटा मिळावा. कलावंताचे गाणे अमर करतो म्हणून त्याला उपाशी ठेवण्याची आमची जुनी खोड आहे. ती येथे नको.

खर्च कोणी करावा? उपनगरांतली मोठी नाट्यगृहे महानगरपालिकेची आहेत. वर्षातून चार संगीत नाटकांसाठी चांगल्या वारांच्या तारखा राखून ठेवणे, आणि त्या प्रयोगांचे उत्तम चित्रण करून घेणे, हे तिला अवघड नाही. आमच्या महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी ती चित्रणे मोबदला देऊन घ्यावीत. चित्रपटगृहांनी आठवड्यातला एखादा सकाळचा खेळ द्यावा. आरंभ ‘सौभद्रा’ने व्हावा, असे आम्हांस वाटते. ते सर्वांत जुन्यांपैकी असून सर्वांत प्रसन्न आहे, आणि शास्त्रीय संगीताची भीती बाळगणाऱ्या प्रेक्षकालाही त्याची पदे परकी वाटत नाहीत. त्यामागून ‘संशयकल्लोळ’ यावे, आणि मग ‘मानापमान’, मूळ चालींसह.

‘असे चित्रण म्हणजे नाटक नव्हे’, हे आम्हांस ठाऊक आहे. नकाशा म्हणजे गाव नव्हे. पण ज्याला गावाची वाट विसरली आहे, त्याच्या हातून नकाशा हिसकावून घेणाऱ्यास गावाचा अभिमानी कोणी म्हणणार नाही. आज जे चार-सहा गायक-नट उभे राहून, स्वतःच्या कंठाने, समोरच्या माणसांसाठी ही पदे गाऊ शकतात, तेही दर वर्षी एक वर्षाने वृद्ध होत आहेत. शुद्धतेचा वाद आणखी दहा वर्षांनी घातला तरी चालेल. त्यांचे गाणे तोवर थांबणार नाही.